नांग रोंगला दोन दिवस: आधी खालचं तळं, मग वरचं देऊळ

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. मुलाची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये थायलंडला जायचं आहे. बरोबर सत्तरीच्या घरातले आई-वडील आहेत. आईंचे गुडघे दुखतात, बाबांना जुन्या देवळांची आवड आहे आणि मुलगा दहा वर्षांचा आहे. बँकॉक झाल्यावर समुद्रकिनाऱ्याऐवजी ईशान्येकडच्या इसान भागातल्या नांग रोंग या छोट्या गावी दोन दिवस राहावं, असं कुणीतरी सुचवलं. तिथल्या डोंगरावरच्या फनोम रुंग या शिवमंदिरात उगवता सूर्य पंधरा दारांतून आरपार दिसतो असं तुम्ही वाचलंत. तेव्हा तारखा त्यावरच बेतायच्या का, देवळांशिवाय निसर्गातलं काही आहे का आणि शाकाहारी माणसांचे खाण्याचे हाल होतील का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी मराठी मंडळींचे लहान गट आग्नेय आशियात नेतो आणि नांग रोंग माझ्या आवडत्या मुक्कामांपैकी एक आहे. ठिकाणांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. तुमची अडचण वेगळी आहे. तीन पिढ्यांची माणसं, प्रत्येकाची चालायची कुवत वेगळी, वर एप्रिलचं ऊन, आणि पाहण्याच्या जागा एकमेकींपासून दहा-वीस किलोमीटरवर विखुरलेल्या. त्यामुळे काय पाहायचं यापेक्षा कुठली जागा किती वाजता पाहायची आणि कुणी कुठल्या बाजूने वर चढायचं, हे ठरवणं जास्त महत्त्वाचं. ते नीट ठरलं तर हे दोन दिवस फार सुंदर जातात. नाही ठरलं तर अकरा वाजता सगळे घामाघूम होऊन झाडाखाली बसतात आणि बाबा एकटेच देऊळ बघून येतात.

आधी तारखांचं. फनोम रुंगचं देऊळ पूर्वाभिमुख आहे आणि त्याची पंधरा दारं एका सरळ रेषेत आहेत. साधारण ३ ते ५ एप्रिल आणि ८ ते १० सप्टेंबर या दिवसांत उगवत्या सूर्याचा प्रकाश या सगळ्या दारांतून आरपार जातो. मावळतीला तसंच ५ ते ७ मार्च आणि ५ ते ७ ऑक्टोबरच्या सुमारास दिसतं. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. कोल्हापूरचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना गर्दीची कल्पना येईल. पहाटेपासून लोक जागा धरून बसतात, कॅमेऱ्यांच्या तिकाट्या लागतात आणि क्षितिजावर ढग आला की सगळं तिथेच संपतं. आईंना घेऊन त्या गर्दीत उभं राहावं असं मला वाटत नाही. शिवाय दारांची ती रांग वर्षभर तशीच असते. कुठल्याही सकाळी पूर्वेच्या उंबरठ्याशी उभं राहून आत पाहिलं की एकामागून एक चौकटी लहान होत गेलेल्या दिसतात आणि पार पलीकडे उजेडाचा एक चौकोन दिसतो. माझ्या मते खरी मजा त्या रचनेत आहे आणि ती बघायला पंचांग लागत नाही.

एप्रिलची दुसरी अडचण सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची. तो सण १३ ते १५ एप्रिलला असतो. बँकॉकमध्ये पोटासाठी राहणारे इसानचे लोक त्या दिवसांत घरी जातात, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या बसगाड्या, रेल्वे आणि रस्ते सगळं भरलेलं असतं. म्हणून एप्रिलमध्येच जायचं असेल तर पहिला आठवडा गाठा, नाहीतर १७-१८ तारखेनंतर निघा. पण सुट्टी हलवणं शक्य असेल तर मी दिवाळीची सुट्टी सुचवीन. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, तळी भरलेली असतात, भात पिकत आलेलं असतं आणि सकाळी हवेत थोडा गारवा असतो. एप्रिलमध्ये त्या भागात पारा चाळिशीला टेकतो. विदर्भातल्या माणसाला हे ऊन नवीन नाही, पण तापलेल्या दगडी फरशीवर तासभर उभं राहणं सत्तरीत सोपं नसतं.

बँकॉकहून एका दिवसात जाऊन येण्याचा विचार कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. मो चित बसस्थानकावरून नांग रोंगला पाच-सहा तास लागतात आणि परत यायला तेवढेच. दुसरा मार्ग म्हणजे डोन म्युआंग विमानतळावरून बुरीरामला विमानाने जाणं किंवा रेल्वेने बुरीराम गाठणं. बुरीराम हे प्रांताचं मुख्य शहर, तिथून नांग रोंग साधारण पंचावन्न किलोमीटर. आई-वडील बरोबर असताना मी विमान आणि पुढे गाडी हाच मार्ग घेतो. मुक्काम मात्र बुरीरामपेक्षा नांग रोंगलाच करा. इथून देऊळ पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे आणि पहाटे निघायचं असताना तेवढा फरकही मोठा असतो. एक सावधगिरी घ्या. बुरीरामला मोटोजीपीच्या मोटारसायकल शर्यती होतात आणि त्या आठवड्यात आसपास खोल्या मिळत नाहीत, तेव्हा तारखा पक्क्या करण्याआधी शर्यतीचं वेळापत्रक बघून ठेवा.

तिथे पोहोचल्यावर गाडी चालकासकट दोन दिवसांसाठी ठरवा. राहत्या गेस्टहाउसवाल्याला सांगितलं की तो ठरवून देतो. मागे बाकडी लावलेल्या पिकअप गाड्या, ज्यांना तिथे सोंगथेव म्हणतात, मुख्य रस्त्यावर मिळतात. पण त्या देवळापर्यंत नेऊन तुमच्यासाठी थांबणार नाहीत. तरुण जोडप्याला मी मोटारसायकल भाड्याने घ्या असं सांगतो, तुम्हाला नाही. स्वतः गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने असल्याने तो त्रास नाही.

आता मुख्य गोष्ट, क्रमाची. बहुतेक लोक आधी डोंगरावरचं फनोम रुंग बघतात आणि जमलं तर उतरताना पायथ्याकडचं मुआंग ताम हे देऊळ उरकतात. मी उलटं करतो. आधी संध्याकाळी मुआंग ताम, मग दुसऱ्या दिवशी पहाटे फनोम रुंग. दोन्ही जागा सकाळी सहाला उघडतात, संध्याकाळी सहाला बंद होतात आणि त्यांच्यामध्ये फक्त आठ किलोमीटरचं अंतर आहे.

असं का, ते सांगतो. वरचं देऊळ इतकं भव्य आहे की ते आधी पाहिलं तर खालचं लोकांना फिकं वाटतं आणि वीस मिनिटांत ते गाडीत येऊन बसतात. पण खालचं देऊळ वरच्यापेक्षा बरंच जुनं आहे. दहाव्या शतकाच्या शेवटापासून अकराव्या शतकापर्यंतचं त्याचं काम आहे. आणि या मुलखात माणसं कशाच्या जोरावर राहिली हे तिथेच कळतं. देवळाच्या उत्तरेला एक मोठं आयताकृती तळं आहे. ते ख्मेर काळात, म्हणजे अंगकोर वाट बांधणाऱ्या राजवटीच्या काळात, खणलेलं आहे आणि आजही पाण्याने भरलेलं असतं. काठावर गाव आहे, अंगणात कोंबड्या आहेत, पलीकडे भातखाचरं. पावसाळ्यात पाणी साठवायचं आणि कोरडे महिने त्यावर काढायचे, हे गणित दुष्काळी भागातल्या मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुपारी जेवून चांगली झोप काढा आणि चारच्या सुमारास तिथे पोहोचा. जमीन सपाट आहे. गोपुरांचे उंबरे उंच आहेत तेवढे आईंना हात धरून पार करून द्या, बाकी काही अडचण नाही. बाहेरची भिंत आपल्या कोकणात असतो तशा जांभ्याची. आत शिरलं की चार कोपऱ्यांत काटकोनात वळलेली चार तळी लागतात. प्रत्येक तळ्याच्या काठावर दगडी नाग लांबच लांब पसरलेला आणि कोपऱ्यावर त्याची फणा उभी. हे नाग जवळून बघा. यांची डोकी गुळगुळीत आहेत, वर मुकुट किंवा तुरा काही नाही. मुलाला सांगा की हे नीट लक्षात ठेव, उद्या वर गेल्यावर कामाला येईल. दुसऱ्या दिवशी फनोम रुंगच्या पुलावर पाच फण्यांचे मुकुटधारी नाग दिसले की तो स्वतःच ओरडून सांगतो की हे नंतरचे आहेत. शंभर वर्षांत शैली कशी बदलली हे दहा वर्षांच्या मुलाला एवढ्यावरून समजतं, पाट्या वाचाव्या लागत नाहीत.

तळ्यांच्या मधल्या अंगणात एकाच चौथऱ्यावर विटांचे पाच प्रासाद, म्हणजे शिखरं असलेली देवळं, होती. त्यातला मधला, सगळ्यांत मोठा, पडला आणि आता त्याचा पायाच उरला आहे. उरलेल्या चारांच्या दारांवर वालुकाश्माच्या द्वारपट्ट्या, म्हणजे चौकटीवरचे आडवे कोरीव दगड, आहेत. एकीवर नंदीवर बसलेले उमा-महेश्वर आहेत. नंदी अगदी छोटा आणि त्यावर दोघं ऐसपैस बसलेली. गोवर्धन उचललेला कृष्णही इथे आहे. बाबांना हे स्वतः शोधू द्या, लगेच बोट दाखवू नका. आपल्या माणसांना इथे एक वेगळाच आनंद होतो. परक्या देशात, थाई भाषेच्या पाट्यांमध्ये, ओळखीची गोष्ट दगडात अचानक समोर येते. साडेपाचपर्यंत उन्हाची तिरीप मागच्या भिंतीवरून उतरते आणि कमळाच्या तळ्यांत विटांचे कळस दिसू लागतात. बाहेर पडून मोठ्या तळ्याच्या काठी थोडं थांबा आणि मग नांग रोंगला परता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघा. सहाला फाटक उघडतं तेव्हा तुम्ही दारात असायला हवं. चालकाला आधीच सांगून ठेवा की बाबा, मुलगा आणि तुमच्यापैकी एक जण पूर्वेच्या मुख्य फाटकाशी उतरतील. आई आणि दुसरा सोबती गाडीतच बसून मागच्या बाजूच्या फाटकाशी जातील, तिथून चढ खूपच कमी आहे. दोन्ही तुकड्या वर देवळापाशी भेटतात. गुडघेदुखी असलेल्या कुणालाही मी पूर्वेच्या पायऱ्यांवर नेत नाही. त्या उंच आहेत, अरुंद आहेत आणि एका दमात संपत नाहीत.

पण ज्याला चालता येतं त्याने पूर्वेकडूनच जावं, कारण हे देऊळ चालत वर येणाऱ्यासाठी रचलेलं आहे. सुरुवातीला दोन्ही बाजूंना कमळकळीच्या आकाराचे खांब असलेली सुमारे १६० मीटरची फरसबंद वाट. मग पहिला नागसेतू, ज्याच्या मधोमध दगडात आठ पाकळ्यांचं कमळ कोरलं आहे. पुढे पायऱ्यांचे टप्पे. खाली उभं राहून वर पाहिलं तर फक्त शिखराचं टोक दिसतं, मधेच ते नाहीसं होतं आणि शेवटच्या पायरीवर अख्खं देऊळ एकदम समोर येतं. कैलासाची कल्पना अशी पायांना जाणवेल इतकी उतरवलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. आणि हा कैलास खराखुरा ज्वालामुखी आहे. आता थंड पडलेला, समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंच.

मुख्य प्रासाद बाराव्या शतकातला. तो उभारणाऱ्या नरेंद्रादित्याचं नातं अंगकोर वाट बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्म्याच्या राजघराण्याशी होतं. नरेंद्रादित्य पुढे तपस्वी झाला आणि त्याचा मुलगा हिरण्य याने संस्कृत शिलालेखात त्याचं वर्णन कोरून ठेवलं. इथला पंथ पाशुपत शैवांचा मानतात. घारापुरी आणि जोगेश्वरीची लेणीही अभ्यासक याच परंपरेशी जोडतात. बाबांना हे आधी सांगून ठेवलंत तर ते खांबांच्या पायथ्याशी कोरलेले दाढीवाले ऋषी शोधत बसतील.

आता पूर्वेच्या दाराशी थांबा आणि इथे घाई करू नका. वर त्रिकोणी शिल्पपटात दहा हातांचा नटराज आहे आणि त्याच्या खालच्या द्वारपट्टीवर शेषशायी विष्णू. पायाशी लक्ष्मी, नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव. शेष आपल्या देवघरातल्या तसबिरीसारखा नाही, त्याचं अंग ड्रॅगनच्या वळणाचं आहे. सकाळचं ऊन थेट या दारावर पडतं, त्यामुळे सात-साडेसातच्या सुमारास कोरीव काम जितकं उठून दिसतं तितकं दिवसभरात पुन्हा दिसत नाही. अकरा वाजता तोच दगड सपाट वाटतो. पहाटे उठायला लावण्यामागे उन्हापेक्षाही माझं हे कारण मोठं आहे.

ही द्वारपट्टी काही दशकं इथे नव्हती. १९६०च्या दशकात ती चोरीला गेली आणि पुढे अमेरिकेत शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये सापडली. ओळखणारे होते थाई राजपुत्र आणि कला-इतिहासकार सुभद्रादिस दिस्कुल, साल १९७३. देवळाची दुरुस्ती १९७१ पासून चालू होती. मे १९८८ मध्ये हे ठिकाण ऐतिहासिक उद्यान म्हणून खुलं झालं तेव्हाही दारावरची ही जागा रिकामीच होती. थायलंडमध्ये त्यावरून मोठं जनमत उठलं आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये ती परत आली. मुलाला ही गोष्ट तिथे उभं राहून सांगा, तो ती विसरणार नाही. याच परिसरातल्या प्लाय बात टेकडीवरच्या देवळाजवळ १९६४ मध्ये कांस्यमूर्तींचा मोठा साठा निघाला आणि तो जगभर पांगला. तिथल्या अनेक मूर्ती आज परदेशी संग्रहालयांत आहेत. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘गोल्डन बॉय’ नावाने ओळखली जाणारी उभी मूर्ती थायलंडला परत केली, तीही याच प्रांतातली मानली जाते. ती बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेव्हा नांग रोंगला निघण्याआधी बँकॉकमध्ये अर्धा दिवस त्या संग्रहालयाला द्या.

आत मंडपात नंदी आहे, पुढे गर्भगृहात शिवलिंग. अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळही दिसते. आपल्याकडच्या मंडळींना इथे पाणी घालावंसं, फूल वाहावंसं वाटतं. भावना मी समजू शकतो, पण हे संरक्षित स्मारक आहे. हात जोडा, मनात स्तोत्र म्हणा, लिंगाला किंवा कोरीव कामाला हात लावू नका आणि पीठावर चढू नका. मग बाहेरून एक फेरी मारा. रामायणाचे प्रसंग वरच्या शिल्पपटांवर आहेत, ते मान वर करून शोधावे लागतात. ईशान्येला मुख्य प्रासादापेक्षा जुन्या, दहाव्या शतकातल्या विटांच्या वास्तूंचे अवशेष आहेत. बहुतेक लोक त्यांच्याकडे न बघता निघून जातात. तुम्ही बघा, कारण नरेंद्रादित्याच्या आधीही इथे देवस्थान होतं याचा तो पुरावा आहे.

साडेनऊच्या आत खाली उतरा. डोंगराच्या पायथ्याशी ‘कुटी ऋषी’ नावाचं छोटं जांभ्याचं बांधकाम आहे. नाव ऋषींचं असलं तरी ते सातव्या जयवर्म्याच्या काळातल्या आरोग्यशाळेचं देऊळ आहे. या राजाच्या शिलालेखांत १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख येतो. ख्मेर राजधानी अंगकोर ते फिमायचं देऊळ या राजमार्गावर त्याच्या काळी १७ अग्निगृहं, म्हणजे वाटसरूंच्या विश्रांतीच्या जागाही होत्या. हा मार्ग फनोम रुंगच्या जवळून जात होता. तळं, डोंगर आणि रस्ता ही तिन्ही मिळून एक व्यवस्था होती. म्हणून मी दोन देवळं सुटी सुटी दाखवत नाही. फनोम रुंग, मुआंग ताम आणि प्लाय बात यांचा मिळून एकच प्रस्ताव युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०१९ पासून आहे.

निसर्गाबद्दल तुम्ही विचारलंत. धबधबे आणि घनदाट जंगल डोळ्यांसमोर असेल तर नांग रोंग तुमची निराशा करेल. इथला निसर्ग म्हणजे विझलेले ज्वालामुखी, त्यांची लाल-काळी माती आणि पाणथळ जागा. बुरीराम प्रांतात असे सहा ज्वालामुखी मोजतात. आपल्याकडचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांब भेगांतून वाहून थरांवर थर साचत तयार झाला, म्हणून सह्याद्रीत ज्वालामुखीचं तोंड असं कुठे दिसत नाही. इथे त्याच जातीचा खडक, पण कितीतरी तरुण, आणि टेकडीचा आकारही ओळखता येतो. गंमत म्हणजे देवळं मात्र या बेसाल्टची नाहीत. कोरीव कामासाठी मऊ वालुकाश्म बाहेरून आणला आणि पाया-भिंतींना जांभा वापरला. आपल्या पूर्वजांनी तर वेरूळला बेसाल्टच फोडला. बाबांशी यावर तासभर गप्पा होतील.

या ज्वालामुखींपैकी तुमच्यासाठी खाओ आंगखान निवडतो. फनोम रुंगपासून वीसएक किलोमीटर, गाडी थेट वर जाते. तिथे आता बौद्ध विहार आहे, इमारती अलीकडच्या आणि अनेक शैलींच्या मिश्रणाच्या. पण आवारात द्वारावती काळातले, म्हणजे हिंदू देवळांच्याही आधीचे, पवित्र जागेची हद्द दाखवणारे वालुकाश्माचे सीमादगड उभे आहेत. भिंतींवर जातककथा रंगवल्या आहेत, मुलाला त्या आवडतील. इथे पूजा चालू असते, तेव्हा खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत आणि चपला बाहेर. जवळच्या चारोएन सुक गावात याच ज्वालामुखीच्या मातीत सूत रंगवतात. मातीचा काला करून त्यात कापड भिजवतात, पिळतात, वाळवतात आणि विटकरीकडे झुकणारा तपकिरी रंग चढतो. गावातल्या बायका सगळी रीत करून दाखवतात. आई पायऱ्या चढल्या नसल्या तरी इथे सगळ्यांत जास्त रमतील, असा माझा अनुभव सांगतो. इथून जेवून खोलीवर परता आणि दुपार झोपेत घालवा.

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर बुरीरामजवळचा हुआय चोराखे माक हा जलाशय घ्या. थायलंडमधून सारस पक्षी पूर्णपणे नाहीसा झाला होता. नाखोन राचासिमाच्या प्राणिसंग्रहालयात पिल्लं वाढवून २०११ पासून ती या पाणथळ भागात सोडायला सुरुवात झाली. आता सारस भाताच्या शेतांत घरटी करतात आणि आसपासचे काही शेतकरी त्यांच्यासाठी रसायनांशिवाय भात पिकवतात. सारसाचं घरटं वाचवायचं तर शेतकऱ्याशी बोलावं लागतं, हे आपल्या गोंदियात ज्यांनी ते काम पाहिलं आहे त्यांना पटेल. जवळ सारसांचं माहिती केंद्र आहे, तिथे आधी जा आणि पक्षी सध्या कुठे उतरतात ते विचारा. दुर्बीण न्या. पक्षी दिसतीलच अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही. सकाळी लवकर गेलात तर शक्यता वाढते, एवढंच.

वेळ कमी पडला तर काय गाळायचं? बुरीराम शहराजवळचा खाओ क्राडोंग ज्वालामुखी आधी गाळा. तिथे विवराचा भाग दिसतो, वर मोठी बुद्धमूर्ती आहे आणि शेकडो पायऱ्या आहेत. पण आंगखान पाहिल्यावर त्याची फार उणीव भासत नाही. फिमायचं देऊळ आणि तिथला मून नदीकाठचा प्रचंड वड मला मनापासून आवडतो, पण तो साधारण दोन तासांवर आहे. एक जादा दिवस असेल तरच, कोराटमार्गे, म्हणजे नाखोन राचासिमावरून, परतताना घ्या. या दोन दिवसांत तो कोंबू नका.

सीमेचं मात्र गांभीर्याने घ्या. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सैन्यांत चकमकी झाल्या आणि डिसेंबरमध्ये पुन्हा भडका उडाला. बुरीरामचा बान क्रुआत तालुका त्यात होरपळला. जुन्या राजमार्गावरचं ता मुएन थोम हे देऊळ सीमेवरच आहे आणि वादाच्या केंद्रस्थानी आहे. नकाशात जवळ दिसतं म्हणून चालकाला तिकडे न्यायला सांगू नका. फनोम रुंग सीमेपासून आत आहे. तरी तिकिटं काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात बँकॉकच्या भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा, आणि गेस्टहाउसवाल्याला सरळ विचारा. परिस्थिती बिघडलेली असेल तर बेत बदला. पर्याय म्हणून सुखोथाय ही जुनी राजधानी आहे, तिथे सपाट जमिनीवर सायकलने फिरता येतं आणि आईंसाठी विजेवर चालणारी गाडीही मिळते.

शेवटी खाण्याचं. नांग रोंगची ख्याती शिजवलेल्या डुकराच्या पायासाठी आहे, म्हणजे गावातली नावाजलेली दुकानं तुमच्या कामाची नाहीत. पण उपाशी राहण्याची वेळ येत नाही. पिवळ्या कागदावर किंवा झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की ते ‘जे’चं दुकान. तिथे मांस, मासे, अंडी नसतात आणि कांदा-लसूणही नसतो. गेस्टहाउसमध्ये पोहोचल्या संध्याकाळीच ‘किन जे’ असं सांगून ठेवा, ते तुम्हाला जवळचं दुकान दाखवतील. ही दुकानं दुपारपर्यंत आवरतात, म्हणून रात्रीचं जेवण आधीच बांधून घ्या. इतर ठिकाणी भाताबरोबर भाजी मागवताना ‘माय साय नाम प्ला’ म्हणा, म्हणजे माशाचा रस नको. हिरव्या पपईच्या सोम तामबद्दल जास्त सावध राहा. इसानमध्ये त्यात आंबवलेल्या माशाचं पाणी आणि सुकी कोळंबी हमखास पडते, डोळ्यांसमोर करून घेतलंत तरच खा. चिकट भात, भाजलेली केळी, आंबे आणि नारळपाणी सगळीकडे मिळतं. पहाटेच्या फनोम रुंगसाठी मात्र घरून नेलेले लाडू आणि मेतकूट हाताशी ठेवा, कारण सहा वाजता डोंगरावर खायला काही मिळेल असं धरून चालू नका. पाण्याच्या बाटल्या माणशी दोन, आईंसाठी घडीची काठी, आणि उन्हातल्या आंगखानसाठी सगळ्यांना टोप्या. चालकाला पहाटे साडेपाचची वेळ थाई भाषेत कागदावर लिहून द्या. गेस्टहाउसमधली माणसं ती लिहून देतात.